नाव घेतल्याशिवाय पोर नाही

कोयनेच्या खोऱ्यात भूकंपाचा धक्का बसला, त्या सकाळी चुकलेली पोरं शाळेच्या पटांगणात जमा झाली. त्यांची राखण निवृत्त सुभेदार मानसिंगांनी आपणहून अंगावर घेतली. आरंभीच्या गोंधळात एक घाबरलेला चुलता भलतंच पोर घोंगडीत गुंडाळून घेऊन गेला. आंघोळ घालताना त्याला साक्षात्कार झाला, "आरं, ह्यो आमचा न्हाईच!"

पोर परत आलं आणि सुभेदारांनी फाटकात काठी आडवी धरली. घरधन्याचं नाव सांगेल त्यालाच पोर मिळेल.

पोरांत वर्षभराची प्रियदर्शनी होती. पडक्या घरातून तिला काढणारा कोंडीबा "अर्जुनाची हाय" एवढंच सांगून पुन्हा वाडीकडं पळाला होता. ही बया कुणाच्याही कडेवर हसत जाई, त्यामुळे तिच्या ओळखीचा उपयोग नव्हता.

वैरणीला गेलेली तिची आई बनुबाई धापा टाकत आली. "माझी पोर द्या!"

"घरधन्याचं नाव?"

बनुबाईनं पदर ओढला. "आवं, नवऱ्याचं नाव कसं घिऊ? हितं समदे बाप्ये उभे हायती."

"मग त्यालाच बोलव."

"त्ये सोनं गाळायच्या गलाई दुकानात कामाला, मदरासला!"

पोर पलीकडून खिदळत हात पसरत होती. बनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नाव ओठांवर येईना. सुभेदारही विरघळले, मात्र सकाळची चूक आठवून काठी हलली नाही. "उखाण्यात घे की, पोरी."

बनुबाईनं डोळे पुसले, जमिनीकडं बघत दणक्यात म्हणाली,

"धरणी हलली, भिंती पडल्या, उडाली सारी कौलं,
अर्जुनरावांच्या लेकीसाठी धावली माझी पावलं!"

काठी वर गेली. पोर आईला बिलगली.

इतक्यात सुभेदारांची बायको हरणाबाई नातवाला, शंभूराजला, न्यायला आली. सुभेदार बाजूला सरकू लागले, तशी बनुबाई ठसक्यात म्हणाली, "सुबेदार, न्येम कुठं गेला?"

सुभेदारांनी निमूट काठी आडवी केली. "घरधन्याचं नाव?"

हरणाबाई कंबरेवर हात ठेवून आख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल असं ओरडली, "मानसिंग! सोड पोराला, भाकरी गार हुतीया!"

"बरोबर हाय," सुभेदार पुटपुटले.

धक्के पुढंही बसत राहिले. वाडीतल्या बायका मात्र उखाणा पाठ करूनच वैरणीला जाऊ लागल्या.