पुडकं न सोडणारा डिंक

ताई प्रयोगशाळेत आल्या त्या तीन महिन्यांच्या बदलीवर. त्याला आता बावीस वर्षं झाली. काम एकच: बश्यांमध्ये माणसाच्या पेशी वाढवायच्या, त्यांना वेळेवर खाऊपिऊ घालायचं. त्यांचा घड्याळजी नवरा म्हणायचा, "पोटच्या पोरांचेही एवढे लाड केले नाहीस."

ताईंचं वैर फक्त वरच्या मजल्यावरच्या रसायनवाल्याशी. आजार बरा करायला पेशीत चांगला डीएनए पोचवायचा तर तो वाहून नेणारं काहीतरी लागतं. त्यासाठी हा गडी एक चिकट रसायन बनवत होता, म्हणून सगळे त्याला डिंकवाला म्हणत. त्याचा डिंक बशीत पडला की दुसऱ्या दिवशी अर्ध्या पेशी गारद.

"माझ्या लेकरांच्या जिवावर उठलाय मेला!" ताई करवादायच्या.

एकदा त्यानं डिंकात लाल रंग मिसळून दिला. डीएनए नीट पोचला की पेशी हिरवी चमकणार होती. ताईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. लाल ठिपके पेशीपेशीत, हिरवं मात्र औषधालाही नाही. त्या तडक जिना चढून वर गेल्या.

"तुमचा डिंक आत शिरतो, बरं का. घोडं अडलंय ते पुढे."

"पुढे म्हणजे?"

"डीएनएचं पुडकं सोडतच नाही! पाहुण्यानं घरात यावं आणि आणलेला खाऊ हातात गच्च धरून बसावं, तसं."

डिंकवाल्यानं कपाळावर हात मारला. "आणि मी तीन वर्षं तो आणखी चिकट करत बसलोय!"

मग त्यानं पेशीत शिरल्यावर तुकडे होणारा डिंक करायला घेतला. पहिला बाटलीतच तुटला. दुसऱ्यानं पुन्हा पेशी मारल्या. ताई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसरा बशीत घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि अशा ओरडल्या की शेजारच्या खोलीतले लोक आग लागली समजून धावत आले. बशीभर हिरवंगार!

औषध व्हायला अजून बरीच वर्षं आहेत, हे दोघांनाही ठाऊक आहे. पण परवा ताईंनी भाचीच्या लग्नासाठी चार दिवस रजा घेतली, तेव्हा पेशींना खाऊ घालायला डिंकवाला आपणहून पुढे आला. ताईंनी मांडवातून त्याला दिवसातून तीनदा फोन केला.

"जेवल्या का?"

"जेवल्या हो, ताई! आता तुम्हीही जेवून घ्या."