निळी झाकणं, पिवळी झाकणं

प्रयोगशाळेत तिला सगळे 'बहुधाबाई' म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. चहा झाला का विचारलं तरी तिचं उत्तर "बहुधा झालाय" असं. लिफ्टवर 'बंद' अशी ठसठशीत पाटी लटकत असताना "बहुधा बंद दिसतेय" म्हणून जिने चढणारी बाई ती. तिच्या कामात हा दोष नव्हे, गुण आहे. कानाच्या आत वाटाण्याएवढा एक शंख असतो, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात, आवाज आला की ते केस डुलतात आणि आपल्याला ऐकू येतं. पक्ष्यांमध्ये या पेशी गेल्या तरी पुन्हा येतात. माणसात एकदा गेल्या की गेल्या. एखाद्या औषधाने त्या परत आणता येतील का, एवढ्या एका प्रश्नापायी तिची उमेदीची वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून गेली होती. या कामात घाईने 'नक्की' म्हणणाऱ्यांचं पुढे कसं हसं होतं, हे तिने पाहिलेलं होतं.

आयुष्यात एकदाच ती 'बहुधा' म्हणायला विसरली, आणि नेमकी बाबांसमोर विसरली.

बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय कुरकुरतंय ते सांगायचं, ही त्यांची तऱ्हा. त्याच इंजिनांनी त्यांचे कान खाल्ले. निवृत्तीनंतर तर ऐकणं इतकं उतरलं की घरातली माणसं त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. बाबांनीही एक युक्ती काढली. कुणी काही बोललं की हसून मान डोलवायची आणि "हो, हो" म्हणायचं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मशीन लावायला सांगितलं होतं. उशीर कराल तर शब्द ओळखायची सवयच मोडेल, मग मशीनचाही उपयोग होणार नाही, असं बजावलं होतं. बाबा त्यावरही "हो, हो" म्हणाले आणि घरी आले.

अशात गेल्या वर्षी तिच्या पहिल्या, लहानशा प्रयोगात औषध घातलेल्या बशीत नवे केस दिसले. ती हरखून घरी आली. जेवताना बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमचे कान बरे होणार."

झालं. त्या दिवसापासून मशीनचा विषय संपला. दादाने समजावलं, वहिनीने दोनदा डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेवली, सगळं पाण्यात. बाबांचं एकच पालुपद, माझी मुलगी औषध काढतेय, मला ते प्लास्टिक नको. इकडे दिवसेंदिवस ते जास्तच गप्प होत चालले होते. आणि बहुधाबाई? ती मूग गिळून बसली होती. मोठा प्रयोग जमला की आपलं बोलणं आपोआप खरं ठरेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

मोठ्या प्रयोगाची रीत अशी की मोजणाऱ्याला कुठल्या बशीत औषध आहे ते कळता कामा नये. म्हणून उंदराच्या कानातले ते इवलेसे तुकडे बशांमध्ये मांडायचे, काहींत औषध आणि काहींत नुसतंच पाणी घालायचं, हे काम मामांकडे होतं. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, लहानथोर सगळ्यांचे मामा. त्यांनी काही बशांना निळी झाकणं लावली, काहींना पिवळी, आणि कुठलं झाकण कशाचं ते पोटात ठेवलं. मोजणी संपून सगळे समोर बसेपर्यंत मामा मरतील पण बोलणार नाहीत, अशी त्यांची ख्याती.

मोजणी लांबता लांबता नेमकी स्पर्धेच्या दिवसावर आली. शहरातल्या संशोधकांनी आपलं काम सामान्य माणसांना समजावून सांगायचं, अशी ती स्पर्धा. सरांनी, म्हणजे तिच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिचं नाव घातलं होतं. भाषण पाठ झालं होतं. हातात एक पक्ष्याचं पीस धरून सुरुवात करायची आणि 'आमच्या बशीत केस उगवले' या वाक्यावर संपवायचं, असं ठरलेलं. बाबा पहिल्या रांगेत बसणार होते.

दुपारी सरांच्या खोलीत तिघं बसले. पिवळ्या झाकणांच्या बशांत केस किंचित जास्त भरले होते. किंचितच, पण आशेला तेवढं पुरतं. तिने दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरले होते.

"निळी औषधाची," मामा म्हणाले. "पिवळ्यांत नुसतं पाणी."

मामांनी उगाचच चष्मा पुसला. पाण्यातल्या तुकड्यांवर जेवढे केस, तेवढेच औषधातल्यांवर, वर थोडे कमीच. मग गेल्या वर्षी तिने पाहिले ते केस कुठले? उत्तर तिला त्याच क्षणी कळलं, आणि ते इतकं लाजिरवाणं होतं की तिला सरांकडे बघवेना.

सर मऊ आवाजात बोलू लागले. खोटं सांगायला कुणीच म्हणत नाहीये. पहिला प्रयोग झाला होता ना? मग तेवढंच सांगायचं. आजचं आज काढायची काय गरज, आपण पुन्हा मोजू, सावकाश बघू. हे ऐकून तिला संताप यायला हवा होता. खरं सांगायचं तर तिला मोह झाला. आज गप्प राहिलं की बाबांची आशा आणखी काही महिने तगणार होती. आणि तेवढ्याच महिन्यांत त्यांचे उरलेसुरले शब्द जाणार होते.

बाबांना न्यायला ती घरी गेली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. वहिनी आत आवरत होती. आत्ताच सांगून टाकावं म्हणून ती त्यांच्यासमोर वाकली आणि मोठ्याने सगळं सांगितलं. बाबा तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

"हो, हो," ते म्हणाले आणि चपला शोधायला उठले.

नाट्यगृह खचाखच भरलं होतं. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड दिलेलं, एका बाजूने हिरवं, दुसऱ्या बाजूने लाल. समजलं तर हिरवं, नाही समजलं तर लाल, आणि लाल दाखवणाऱ्या एकाला प्रश्न विचारायची मुभा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी रंगमंचाच्या कडेला पडदा होता. कोपऱ्यात बसलेली एक बाई बोललेला शब्द न् शब्द टाइप करत होती आणि तो पडद्यावर उमटत होता. बाबांनी चष्मा लावला आणि नजर पडद्यावर रोवली. विंगेतून ती हे बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं की इथे बाबांना मान डोलवून सुटता येणार नाही. तिलाही नाही.

तिच्या आधी ज्वालामुखीवाला होता. त्याने बाह्या सरसावून असा काही लाव्हा ओतला की सगळं सभागृह हिरवंगार झालं. बक्षीस शेवटी त्यालाच मिळालं, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. त्याच्यानंतर तिचं नाव पुकारलं गेलं. सर विंगेत उभे होते. तिने पीस त्यांच्या हातात दिलं आणि पर्समधून दोन झाकणं काढली, एक निळं, एक पिवळं. सरांचा चेहरा उतरला.

शंख, केस, डुलणं, पक्षी, हे सगळं तिने सांगितलं, आणि बरं सांगितलं. लोक पुढे सरकून ऐकू लागले. मग तिने दोन्ही झाकणं वर धरली, मामांची रीत समजावली, आणि दुपारी काय कळलं ते सांगितलं. सभागृहात चुळबूळ झाली. असं शेवट नसलेलं काही ऐकायला लोक आले नव्हते.

"गेल्या वर्षी मला नवे केस दिसले होते," ती म्हणाली. "तेव्हा बशीत औषध आहे हे मला माहीत होतं. केस नेहमी स्पष्ट दिसतो असं नाही, कधी नुसती सावली असते. औषधाच्या बशीतली सावली मी केस म्हणून मोजली. पाण्याच्या बशीतली तशीच सावली सोडून दिली. मुद्दाम नाही केलं. मला जे हवं होतं, ते मला दिसलं."

पडद्यावर एकेक शब्द उमटत गेला. बाबांची मान डोलत नव्हती. तिला आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलताना तिने मान खाली घातली, माईक तोंडापासून दूर गेला, आणि टाइप करणाऱ्या बाईला काही कळलं नाही. पडद्यावर नुसती टिंबं आली.

कार्डं वर झाली. बरीचशी हिरवी, मागे काही लाल. पहिल्या रांगेत मधोमध एक लाल कार्ड उंच धरलेलं होतं. वहिनी तो हात हळूच खाली ओढू बघत होती, पण हात खाली येत नव्हता. निवेदकाने माईक तिकडे नेला. बाबा उभे राहिले.

"शेवटचं वाक्य पडद्यावर आलं नाही," ते म्हणाले. कमी ऐकणाऱ्याचा आवाज तो, गरजेपेक्षा फार मोठा. "मला ऐकू येत नाही. परत सांग."

मला ऐकू येत नाही. हे चार शब्द त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितले नव्हते, मुलाला सांगितले नव्हते, आणि आता ते भरल्या सभागृहात माईकवरून सांगत होते. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. बहुधाबाई रंगमंचाच्या पायऱ्या उतरली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"बाबा, औषध झालं नाही. कान बरे होणार असं मी तुम्हाला सांगितलं, ते चुकीचं होतं. मशीन लावा."

बाबा पडद्याकडे बघत नव्हते, तिच्या ओठांकडे बघत होते. तिची सवय त्यांना तिच्या लहानपणापासून ठाऊक होती. त्यांनी विचारलं, आणि विचारताना त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला, "बहुधा ना?"

शास्त्राच्या हिशेबाने इथेही 'बहुधा' हाच खरा शब्द होता. एका औषधाने जमलं नाही म्हणून दुसऱ्याने कधीच जमणार नाही, असं कोण सांगणार? पण तो एक शब्द हाती लागला तर बाबा त्याचं काय करतील, हे तिला समोर दिसत होतं. ते तो शब्द घेऊन पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले असते.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "नक्की."

बाबांचा हात अजून वरच होता. मग त्यांनी कार्ड उलटं केलं आणि हिरवी बाजू तिच्याकडे धरली.