तीन ठोके

यंत्र हिरवंगार रंगवून नवरदेवासारखं उभं केलं होतं. ते बघूनच इंजिनमास्तरांचं डोकं फिरलं. एकतीस वर्षं याच यंत्रावर बसून त्यांनी माणसांचा आणि मालाचा पिंजरा खाणीत सोडला, वर घेतला. तेव्हा याला रंगाचं बोट लागलं नाही. ब्रेकचं झिजलेलं अस्तर बदला म्हटलं, तर साहेब म्हणायचे, बघू. आता खाण बंद पडली, तिचं संग्रहालय झालं, आणि मेल्या यंत्राचे लाड सुरू झाले!

वर पितळी पाटी: ‘चालकाच्या चुकीमुळे पिंजरा तळावर आदळून एक कामगार ठार.’ तो कामगार म्हणजे मास्तरांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एकोणीस वर्षं ती भावाशी बोललेली नव्हती. आज उद्घाटनालाही पार टोकाची खुर्ची धरून बसली होती.

चालकाला पिंजरा दिसत नाही, पिंजऱ्यापाशी उभा घंटीवाला देतो ती घंटा फक्त ऐकू येते. दोन ठोके म्हणजे माल, सोड वेगात. तीन म्हणजे माणसं, जपून. त्या दिवशी दोनच पडले होते. मास्तर चौकशीत घसा फुटेस्तोवर सांगत राहिले. पण घंटीवाल्याने तीन दिले म्हणून सांगितलं, आणि ठपका मास्तरांच्या माथी बसला.

भाषणं संपली. सर्वांत जुना चालक म्हणून घंटा वाजवायचा मान मास्तरांना मिळाला. मान म्हणे! पाटी एकानेही वाचलेली नसणार. मास्तरांनी दातओठ खात तीन ठोके दिले.

समोर बसलेल्या म्हाताऱ्या कामगारांचे हात आपोआप डोक्यावर गेले, पिंजऱ्याची साखळी धरायला. घंटीवाला तेवढा मान खाली घालून बसला होता. त्याच्याकडे रोखून बघत मास्तरांनी पुन्हा घंटा दिली. या वेळी दोन.

“दोनच दिले होते मी,” घंटीवाला म्हणाला. “तीनला वेळ जातो, माणसं असली तरी दोनच द्या, असा साहेबांचा हुकूम होता. नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो.”

“आणि एकोणीस वर्षं मूग गिळून बसलास?” मास्तरांनी विचारलं. त्याला माफ करायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

बहीण उठली. भावाकडे न येता ती थेट पाटीपाशी गेली आणि पिशवीतली किल्ली काढून ‘चालकाच्या’ हा शब्द खरवडू लागली. पहारेकरी धावत आला, पाटी खराब होतेय म्हणाला. तिने ऐकलंच नाही.

“दादा,” ती मागे न वळता म्हणाली, “ही किल्ली बोथट आहे. काही धारदार असलं तर दे.”