मागची सीट

जयमालाचं आणि पाण्याचं कधीच जमलं नाही. ती माहेरची फलटणची. लग्न होऊन कामोठ्याला आली तेव्हा नवऱ्याने, श्यामसुंदरने, मोठ्या हौसेने तिला खिडकीतून लांबवरची खाडी दाखवली होती. तिने दुसऱ्याच आठवड्यात त्या खिडकीला जाळी बसवून घेतली. श्यामसुंदर तळोज्याच्या एका कारखान्यात होता. तो अचानक गेला, आणि घरात दोनच माणसं उरली, ती आणि मुलगा अभिराम. त्या अभिरामने नेमकं जहाजावरचं शिक्षण घेतलं.

आता त्याला पहिलं जहाज मिळत होतं. एकदा गेला की सात-आठ महिने तोंड दिसणार नाही. जयमालाने भावाकरवी बंदराच्या ऑफिसातली एक नोकरी बघून ठेवली होती. अभिरामने फक्त हो म्हणायचं बाकी होतं. पण घरात विषय काढला की तो कानात इअरफोन खुपसायचा. म्हणून तो जेव्हा म्हणाला, "आई, रविवारी गाढी नदीत कयाकिंगला चल, भीती मोडेल तुझी," तेव्हा ती चटकन तयार झाली. होडीतून तो उठून कुठे जाणार होता?

भरती चढली तशी सगळी मंडळी काठावर जमली. एका ऑफिसातला ग्रुप होता, बाकी नवरा-बायकोच्या जोड्या. सगळ्यांना होड्यांतून घेऊन जाणारी सुचिता जवळच्याच गावची, तिशीतली, मोठ्या आवाजाची.

"जड मानूस मागं बसंल. मागचा होडी वलवतो," ती म्हणाली.

"मी मागे बसणार," जयमाला म्हणाली.

"अगं आई, मी जड आहे. आणि तुला वळवता येणार आहे का?"

"मला तू डोळ्यांसमोर दिसला पाहिजेस."

सुचिता हसली. "बसू द्या काकूंना. पन एक सांगते, मधी कोनी मागं वलून बघायचं नाय. होडी कलंडंल."

मागे राहून बघायची जयमालाला सवयच होती. अभिराम सायकल शिकला तेव्हा ती सीट धरून मागे पळाली. तो सातवीत गेला आणि मित्रांसमोर लाजू लागला, तेव्हाही ती अंतर ठेवून शाळेच्या फाटकापर्यंत जायचीच. नारिंगी लाइफ जॅकेटच्या वर आज त्याची मान दिसत होती. मानेवरचे केस बारीक कापलेले होते. कधी कापून आला, तिला आठवेना.

होड्या निघाल्या. दोन्ही बाजूंना तिवरांची गर्दी, मध्ये दुधाच्या चहासारखं गढूळ पाणी. बाकीचे पुढे ओरडत, फोटो काढत चालले होते. जयमालाने दोन-चारदा वल्हं मारलं आणि बोलायला सुरुवात केली.

"मामा विचारत होता. उद्यापर्यंत कळवायचंय बंदराच्या ऑफिसला."

मान हलली नाही.

"पगार थोडा कमी आहे, पण रोज संध्याकाळी घरी. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग बोल की. इकडे बघून बोल."

"वळायचं नाहीये ना, आई." त्याने एकदा वल्हं मारलं. "मी होकार कळवला जहाजाला. शुक्रवारीच. पुढच्या आठवड्यात निघायचंय."

जयमालाचं वल्हं मांडीवर आलं. हे सांगताना त्याचा चेहरा कसा झाला होता, तो घाबरला होता की सुटला होता, काहीच कळायला मार्ग नव्हता. समोर नुसती मान. तिने वल्हवायचं सोडून दिलं, आणि वळवणारंच कोणी नाही म्हटल्यावर होडी तिरकी होत होत तिवरांच्या चिखलात जाऊन रुतली.

पुढच्या होडीतून एक जण ओरडला, "काकू, हँडब्रेक काढा!" सगळे हसले आणि वळणाआड गेले.

सुचिता परत आली. तिने दोघांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, ओहोटी लागंल आता. जागा बदला. आता यालाच मागं बसू द्या."

चिखलात पाय रोवून, तिवराची फांदी धरून जयमाला पुढे येऊन बसली. होडी सुटली, सरळ झाली. आता तिच्यापुढे फक्त पाणी होतं. मागे वल्ह्याचा आवाज, एका लयीत. वळून बघावं म्हणून तिची मान दोनदा हलली, दोनदा तिने ती आवरली.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "जेवायला काय देतात रे जहाजावर?"

अभिराम सुटलाच. स्वयंपाकी बहुतेक गोव्याचा असतो म्हणे. सिनियर सांगतात, पहिले काही दिवस पोटात काही टिकत नाही. पहाटेची ड्यूटी, इंजिनाचा धडधडाट, कुठलं कुठलं बंदर. वर्षभरात तो घरी इतकं बोलला नव्हता. आवाजात नुसता आनंद होता. त्या सगळ्या सांगण्यात आई कुठेच नव्हती, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"आणि कपडे कोण धुतं?" तिने मध्येच विचारलं. आवाज नीट लागला.

"मशीन असतं गं," तो हसला आणि पुढे सांगू लागला.

ती हुंकार देत राहिली. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, ते तिने पुसलं नाही. दोन्ही हात वल्ह्यावर होते, आणि मागे बसलेल्याला तिची फक्त पाठ दिसत होती.