प्रस्थान ठेवलेली गाडी आणि तापलेली कॉइल

कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहणारी माझी नात परवा गाडीने मैथनचं धरण बघून आली. म्हणाली, "आजी, बोअर रस्ता गं, नुसता सरळ!" मला हसूच आलं. त्याच मैथनला मी गेले ते पन्नासच्या दशकात, धरण अगदी नवंकोरं होतं तेव्हा, आणि रस्ता मुळीच सरळ नव्हता. तुमच्यापैकी कुणी जाणार असाल किंवा जुनी पेट्रोलगाडी हौसेने बाळगत असाल, तर ही हकिकत वाचाच.

बाबा रेल्वेत इंजिनियर होते, आम्ही गार्डन रीचला राहत होतो. मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं आणि नुकतंच ड्रायव्हिंग लायसन्स काढलं होतं. पण बाबा मला मैदानाभोवती फेरी मारण्यापलीकडे गाडी देत नव्हते. सेकंडहँड, काळी, विलायती गाडी. तिच्यावर त्यांचा भारी जीव. धरण बघायला जायचं ठरलं तेव्हा मी हट्टच धरला. शेवटी ते म्हणाले, "शशी, हावडा ओलांडला की स्टिअरिंग तुझं. पण गाडी वाटेत एकदा जरी बंद पडली, तर मागे बसायचं. आणि पुन्हा हायवेचं नाव काढायचं नाही." मी आनंदाने वेडी झाले होते. त्या अटीवर काय, कुठल्याही अटीवर हो म्हटलं असतं.

निघायच्या दिवशी आईने पंचांग उघडलं. सूर्योदयाला प्रवासाचा मुहूर्त होता आणि आमचं तर अजून पाणीही तापायचं होतं. मुहूर्ताला निघता येत नसेल तर आपल्याकडे प्रस्थान ठेवतात: सुपारी-नारळाचं गाठोडं आधीच शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायचं, की आपण निघालो असं धरतात. समोरच्या घोषबाबूंना हे सकाळी सकाळी कोण समजावणार? बाबांनी तोड काढली. "गाडीच जाणार ना? गाडीचंच प्रस्थान ठेवू." ते खाली गेले, बॉनेटवर नारळ ठेवला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू केलं नाही, तेव्हा त्याला वेगळं बटण असायचं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. "निघालो आपण!" बाबा म्हणाले. आई खूश झाली. एकदा ठेवलेलं प्रस्थान परत घ्यायचं नसतं, म्हणून किल्लीला कुणी हात लावला नाही. आमच्या आंघोळी, पोहे, दशम्या बांधणं सगळं आरामात झालं, आणि खाली लाल दिवा आपला जळत होता.

हावडा ब्रिजपलीकडे बाबा उतरले आणि मी स्टिअरिंगवर बसले. काय सांगू तुम्हाला! ग्रँड ट्रंक रोड तिथे म्हणजे एक लांबलचक बाजारच होता. ज्यूट गिरण्यांचे भोंगे, सायकलरिक्षा, मधोमध रवंथ करणारे बैल. उत्तरपाडा, श्रीरामपूर, चंदननगर. लोक वळून वळून बघत होते, एक म्हातारा तर दुकानातून उठून बाहेर आला. पोरगी गाडी चालवते आहे! माझी मान ताठ झाली होती. आजच्या एक्सप्रेसवेने ही गावं लागत नाहीत, पण वेळ असेल तर एकदा जुन्या रस्त्याने जाच.

मगऱ्याजवळ रेल्वेचं फाटक लागलं. मी वेग कमी केला, इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली.

"उतर," बाबा म्हणाले.

"मी काही केलं नाही बाबा! गाडीतच काहीतरी बिघडलंय."

"नाचता येईना अंगण वाकडं. क्लच कसा सोडतेस ते बघत होतो मी."

मी मागे जाऊन बसले. रडू आलं, अगदी खरं रडू आलं. आईने दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. मालगाडी जाईपर्यंत आम्ही मातीच्या भांड्यातला चहा प्यालो. मग बाबांनी हँडल मारलं आणि गाडी मुकाट सुरू झाली. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघवत नव्हतं.

शक्तिगड यायच्या जरा आधी गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी स्टिअरिंग बाबांच्या हातात होतं! माझ्या मनात अक्षरशः लाडू फुटले. आई खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाली, "अहो, अंगण खरंच वाकडं दिसतंय."

बाबांचं मत पडलं की उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ होते आहे. त्यांनी इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवलं आणि आम्ही चालत जाऊन लांचा खाल्ला. हा लांबुळका, पाकात मुरलेला, गुलाबजामचा थोरला भाऊ. अजून मिळतो, आता तर दुकानांची रांगच आहे, पण गरमच मागा. परत आलो तर गाडी सुरू. बाबा जिंकले, असं वाटलं. बर्दवान मागे पडलं, दोन्ही बाजूंना भातशेतं पसरली आणि गाडीने पुन्हा राम म्हटला. पंपावरचं फडकं अजून ओलंच होतं.

आता मात्र मला राहवेना. "बाबा, पेट्रोल नव्हे. ठिणगी बघू या."

"बघ बाई," ते दमून म्हणाले. "तेवढंच राहिलंय."

मी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या मधली जाड वायर काढली आणि कोरड्या पंचात धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ नेलं. बाबांनी हँडल फिरवलं. चांगली ठिणगी निळी, जाड, टचटच वाजणारी असते. इथे एक पिवळट धागा लुकलुकला आणि विझला. मग मी कॉइलला बोट लावलं आणि किंचाळलेच. तव्यासारखी तापली होती.

कॉइल म्हणजे इंजिनाजवळ बसवलेला एक डबा. आत तारेची दोन वेटोळी असतात. बॅटरीचा जेमतेम प्रवाह एकातून जातो, पॉइंट नावाची छोटी कळ उघडून तो झटकन तोडला की दुसऱ्यात हजारो व्होल्ट उठतात, त्याचीच ठिणगी. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हाच प्रयोग होता. मला तो टेबलावर पाठ होता, आणि इथे तो बर्दवानच्या भातशेतांत माझ्यासमोर उभा! आनंदाने मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. आतलं आवरण जळालं की कॉइल थंड असताना चालते, तापली की दगा देते. थांबलो की निवायची आणि श्रेय कधी चहाला, कधी बाबांच्या फडक्याला.

"पण जळेल कशी?" बाबा म्हणाले. "पॉइंट सारखे उघडत असतात की."

"इंजिन फिरत असेल तर. बंद इंजिनात पॉइंट मिटलेले राहिले आणि किल्ली चालू असली, तर प्रवाह तुटतच नाही, कॉइल नुसती तापत..."

सकाळचा तो लाल दिवा आम्हा दोघांनाही दिसत होता.

आईला तेवढं फिजिक्स कळत होतं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या प्रस्थानाने झालं हे?"

"छे," बाबा म्हणाले. "किल्ली मी फिरवली. इंजिनियर मी आहे."

आईने तांब्यातलं पाणी ओतून पंचा भिजवून दिला. मी तो कॉइलभोवती गुंडाळला, वरचं वायरींचं तोंड मात्र कोरडं ठेवलं. असं भिजवत भिजवत पानागढ गाठलं. तिथे युद्धानंतर विकलेल्या लष्करी गाड्यांचे ढीग पडलेले, हवा तो सुटा भाग मिळायचा. गॅरेजवाला बाबांना म्हणाला, "कार्बुरेटर में मयला है बाबू, पूरा खोलना पड़ेगा." मी पुढे होऊन म्हटलं, "कार्बुरेटर ठीक है. कॉइल दीजिए, और ठिणगी... चिनगारी यहीं दिखाइए." त्याने बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "इनसे बात करो. गाड़ी इनकी है."

नवी कॉइल इंजिनापासून जरा दूर, वारा लागेल अशी बसवून घेतली. तुम्हीही तसंच करा. वायरींची टोकं घट्ट, कॉइलचं टोपण पुसून कोरडं ठेवा, आणि इंजिन बंद असताना किल्ली चालू सोडू नका.

निघताना बाबा आपणहून डावीकडचं दार उघडून बसले. साल जंगलातून, राणीगंजच्या कोळशाच्या धुरातून मी सुसाट गेले. मैथनचं पाणी बघून आई थक्क झाली. धरण सुरेखच आहे, पण खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त आठवतो तो पायाखालचा अॅक्सिलरेटर.

दोन दिवसांनी मीच गाडी गार्डन रीचला परत आणली. घोषबाबू फाटकात उभे होते. "के चालालो? आपनि?" गाडी कुणी चालवली, तुम्हीच का, असं त्यांनी बाबांना विचारलं.

जाताना मगरा ते पानागढ स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबा तर हिशेबात पाव मैलाचीही चूक खपवून न घेणारे.

"आमार मेये," ते म्हणाले. माझी मुलगी. आणि बॅगा उतरवता उतरवता, माझ्याकडे न बघता, पुढे म्हणाले, "पूरो रास्ता."