कॉलर धरायची जागा

जमालुद्दीन परकार मास्तर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ज्युदो शिकायला गेले, आणि बहारीनमधल्या जिदहफ्सपासून झिंजपर्यंतच्या सगळ्या कोकणी बिऱ्हाडांची महिनाभर करमणूक झाली. साखरेची गोळी चालू, डोळ्यांवर जाड चष्मा, वीस वर्षं कटिंगच्या टेबलावर वाकून पाठीला आलेला बाक, आणि हा माणूस म्हणे कोवळ्या पोरांबरोबर गादीवर कोलांट्या मारणार! हसणाऱ्यांना हसू द्यावं. मास्तर तिथं का गेले हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी ते सोयीस्करपणे विसरून टाकलं होतं.

मास्तर मूळचे दापोलीकडच्या दाभोळचे. चौऱ्याहत्तर साली बहारीनला आले आणि जिदहफ्सच्या बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात कटर म्हणून उभे राहिले, ते उभेच. शिलाईची माणसं आली-गेली, कात्री मास्तरांच्याच हातात राहिली. त्यांनी बायकोचा धाकटा भाऊ ओवैस याला गावाहून बोलावून घेतलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं, मापं घ्यायला शिकवलं. ओवैस हुशार निघाला. अरबी फटाफट बोलायचा, इंग्रजीत बिलं लिहायचा. दुकानाचा बहारिनी मालक महिन्यातून एकदा चक्कर टाकायचा, त्याने दहा वर्षांत ओवैसला मॅनेजर केलं, काचेची केबिन बांधून दिली आणि कामगारांच्या व्हिसाचे कागदही त्याच्याकडेच सोपवले. मास्तरांना याचा मनापासून आनंद झाला होता. आपल्या हाताखालचा पोरगा मोठा झाला म्हणून त्यांनी पेढेसुद्धा वाटले.

मग ब्याण्णवच्या रमजानात ते घडलं. ईद चार दिवसांवर, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि एका गिऱ्हाइकाचा थोब, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, दोन इंच आखूड निघाला. माप ओवैसने घेतलं होतं, चिठ्ठीवर आकडा ओवैसच्याच हाताने चुकीचा पडला होता. पण गिऱ्हाईक ओरडायला लागलं तसा ओवैस केबिनमधून धावत आला आणि सगळ्यांदेखत त्याने टेबलापलीकडून मास्तरांची गचांडी धरली. नुसती धरली नाही, दोनदा हलवली. "आँख नहीं है क्या?" हिंदीत ओरडला, म्हणजे सगळ्यांना कळावं. मास्तर म्हणाले, "सॉरी." गिऱ्हाईक शांत झालं, ओवैस केबिनमध्ये गेला, आणि मास्तरांनी पुढचं कापड पसरलं.

आपल्यात माणूस एक वेळ शिवी गिळतो, पण गचांडी गिळता येत नाही. मास्तरांच्या घशात ती तशीच अडकून बसली. घरी बायकोला, अकीलाला सांगितलं, तर तिची पंचाईत. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला पाठचा भाऊ.

"ईदीची गडबड होती, तापला असंल तो," ती म्हणाली. "घरातलाच हाय. विसरा आता."

"घरातला हाय म्हणूनच विसरता येत नाय," मास्तर म्हणाले, आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. ओवैस दर शुक्रवारी जेवायला यायचा, बिर्याणी ओरपायचा, दुलाभाई दुलाभाई करायचा. माफीचा एक शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. त्याच्या मनातून ती गोष्ट केव्हाच गेली होती. ज्याने धरलेली असते, त्याला विसरायला फार वेळ लागत नाही.

ऑक्टोबरात जवळच्या क्लबातून एक ऑर्डर आली: ज्युदोचे बारा कोट. बाहेरून मागवलेले महाग पडत होते, म्हणून कॅप्टन अम्मारने नमुन्याचा एक कोट आणून टेबलावर टाकला. कोच असला की त्याला सगळे कॅप्टनच म्हणतात. अम्मार पस्तिशीचा, मानेपासून थेट खांदा सुरू होणारा, हिंदी धबडधबड बोलणारा बहारिनी गडी. मास्तरांनी नमुना उलटसुलट पाहिला आणि नाक मुरडलं. जाडंभरडं कापड, बटण नाही, फिटिंगचा पत्ता नाही. हे बघा आता कसं करतात ते, असं म्हणून त्यांनी बारा कोट असे काही शिवले की नवरदेवाने मिरवावेत. गळपट्टीत बुक्रमचं कडक अस्तर भरलं, आणि प्रत्येक कोटाला छातीवर एक सुबक खिसा लावला.

आठवड्याने कॅप्टन अम्मार गठ्ठा घेऊन परत. "मास्तर, ये कोट है के शादी का सूट? पॉकेट क्यूं?"

"पॉकेट नहीं तो कोट कैसा?" मास्तरही ऐकणारे नव्हते.

"मफी पॉकेट! पॉकेट नहीं मंगता! लडके का उंगली फसा, इतना सूजा!" कॅप्टनने स्वतःचं बोट नाचवून दाखवलं. "और कॉलर लकडी जैसा. पकडेगा कैसे? तुम आओ क्लब में. देखो. फिर सिलाई करो."

कामात खोट काढलेली मास्तरांना खपत नसे. ते शनिवारी संध्याकाळी तरातरा क्लबात गेले. बाहेर बूट काढून आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थबकले. अख्खा हॉल भरून माणसं एकमेकांच्या गचांड्या धरून उभी होती. थोरला धाकट्याची, धाकटा थोरल्याची, पोरगा खुद्द कॅप्टनची. धरत होते, ओढत होते, पाडत होते, आणि पडलेला उठून वाकून सलाम करत होता. कुणाच्या चेहऱ्यावर अपमान नव्हता. मास्तर ते बघतच राहिले.

"पकडो," कॅप्टन समोर येऊन म्हणाला. मास्तरांनी त्याची गळपट्टी धरली. उभ्या जन्मात त्यांनी कुणाची धरली नव्हती. बोटांना लगेच कळलं की बुक्रम इथं चुकीचंच होतं, कापडाला मुठीत मुरायला हवं. मग कॅप्टन म्हणाला, "अब मैं," आणि त्याने मास्तरांच्या शर्टाची कॉलर धरली. अगदी हलकेच. मास्तरांचे डोळे घट्ट मिटले आणि तोंडातून आपसूक शब्द निघाला, "सॉरी."

कॅप्टनने हात काढला. काही विचारलं नाही, याबद्दल मास्तरांनी त्याला पुढे आयुष्यभर दुवा दिली.

घरी जाताना मास्तर स्वतःवर असे संतापले की दोनदा रस्ता चुकले. ओवैसने एकदा धरली होती. पण हे 'सॉरी' तर सहा महिने पोटात घर करून बसलं होतं आणि कुणीही हात लावला की बाहेर पडत होतं! हे काही खरं नाही, त्यांनी ठरवलं. पुढच्या शनिवारी त्यांनी बारा कोटांचे खिसे उसवून, गळपट्ट्या बदलून क्लबात नेऊन दिले. सोबत तेरावा कोट होता. तो त्यांनी स्वतःच्या मापाचा बेतला होता.

अकीलाने तो कोट दोरीवर वाळताना पाहिला आणि कपाळाला हात लावला. "डोका फिरलाय काय तुमचा? हाडा मोडलीत तर उशाशी कोण बसंल?"

"तू बसशील," मास्तर म्हणाले. "पण मी जाणार."

शनिवार आणि मंगळवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा. दुकानाची दुसरी पाळी चारला सुरू व्हायची. त्या दोन दिवशी मास्तर दुपारी घरी जेवायला न जाता टेबलावरच डबा खात आणि संध्याकाळच्या वाटणीचं कापड कापून ठेवत. कामात एका सुताचाही फरक पडू दिला नाही.

पहिला महिना कॅप्टनने त्यांना नुसतं पडायला लावलं. मान आत, पाठ गोल, हाताचा पंजा गादीवर फाडकन. मास्तर पडत, उठत, पुन्हा पडत. रांग पट्ट्याच्या रंगाप्रमाणे लागायची, म्हणून वीस वर्षं 'मास्तर' म्हणवून घेणारा माणूस शेवटच्या टोकाला, शाळकरी पोरांच्याही खाली उभा राहायचा. चष्मा बाहेर काढून ठेवावा लागे, त्यामुळे समोरच्याचं तोंड धड दिसत नसे. पण शिंप्याला तोंडाशी काय करायचंय? कुणाचा उजवा खांदा अर्धा इंच खाली, कोण डाव्या पायावर रेलतो, हे मास्तर उभ्या उभ्या ओळखत. आयुष्य त्यातच गेलं होतं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी एका दांडगट पोराला तो ज्या अंगाला कललेला होता त्याच अंगाला अलगद बसवला. कॅप्टन ओरडला, "यल्ला मास्तर!" आणि मास्तर लाजून लाल झाले.

एकच गोष्ट सुटत नव्हती. समोरच्याने आधी कॉलर धरली, की डोळे मिटायचे आणि संपलं. "आँख खोलो," कॅप्टन सांगायचा. दर खेपेला दहा वेळा धरायचा, वीस वेळा धरायचा. डिसेंबरात मास्तरांचा एक डोळा उघडा राहिला. जानेवारीच्या अखेरीला दोन्ही. त्या रात्री ते घरी भूक लागल्यासारखे जेवले आणि अकीलाने तिसरी भाकरी वाढली.

तोवर दुकानात कुजबुज पोहोचली होती. मास्तर मॅनेजरसाठी तयारी करतोय म्हणे! ओवैस आधी खोटं खोटं हसला. मग त्याला नको ती गोष्ट आठवली, आणि आठवल्यावर तो घाबरला. घाबरलेल्या माणसाच्या हातात अधिकार असला की तो काय करतो ते सांगायला नको. फेब्रुवारीत, पुढचा रमजान तोंडावर आलेला असताना त्याने फर्मान काढलं: संध्याकाळची सुटी बंद.

"माजा काम पुरा असतो," मास्तर म्हणाले.

"दुलाभाई, नियम म्हणजे नियम. मालकाच्या कानावर गेला तर व्हिसा कॅन्सल होईल. मंग माज्या हातात काय नाय राहणार."

व्हिसा कॅन्सल. एकोणीस वर्षं, लेकीची, अस्माची शाळा, गावचं अर्धं बांधलेलं घर, सगळं त्या दोन शब्दांत मावत होतं, आणि ओवैसला ते पक्कं ठाऊक होतं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण मंगळवारी पावणेपाचला त्यांनी कोट बगलेत मारला आणि ते सगळ्यांच्या समोरून चालत बाहेर पडले.

ओवैस अर्ध्या तासात क्लबात. बूट घालूनच गादीकडे निघाला, तर कॅप्टनने दारातच हात आडवा धरला. "बूट बाहर." ओवैसला वाकून नाड्या सोडाव्या लागल्या. अनवाणी पायाने तो तणतणत मधोमध आला. "चला दुकानात. आत्ताच्या आत्ता."

हॉल थांबला. मास्तर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, हातभर अंतरावर. चष्मा नव्हता, ओवैसचा चेहरा धूसर दिसत होता. खांदे मात्र स्वच्छ दिसत होते. दोन्ही वर चढलेले, कानाला लागलेले.

"न्यायचाय मला?" मास्तर म्हणाले. "मंग धर. कशी धरतात तुला म्हायती हाय."

ओवैसने इकडेतिकडे पाहिलं.

"इथं कोण काय बोलणार नाय. इथं सगळे धरतात. धर ना!"

मास्तरांचे हात खाली होते. डोळे उघडे होते. ओवैसचा उजवा हात कमरेपर्यंत आला आणि तिथंच राहिला. वर जाईना. दुकानात टेबलापलीकडून इतक्या सहज गेलेला हात, चाळीस माणसं धरायला मोकळीक देऊन बघत असताना, हलेना. मास्तरांना त्या क्षणी त्याला आदळायची ओढ लागली होती. तो डाव्या पायावर रेलला होता, इतका की बोटानेही पडला असता. त्यांनी बोट लावलं नाही.

ओवैसची मान खाली गेली. "सॉरी, दुलाभाई," तो पुटपुटला.

"इथं नको."

"काय?"

"इथं नाय धरलीस. जिथं धरलीस, तिथं बोल. गिऱ्हाईक असताना. आणि व्हिसाचा काय करायचा तो कर." एवढं बोलून मास्तर रांगेच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभे राहिले. कॅप्टनने टाळी वाजवली आणि हॉल पुन्हा सुरू झाला.

त्या रात्री अकीलाला भावाचा फोन आला. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "मी सांगणार नाय त्यांना काय. तूच जा आणि बोल," आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी मास्तर वेळेवर दुकानात गेले. अकरा वाजेपर्यंत ओवैस केबिनमधून बाहेर आला नाही. रमजानचे थोब शिवायला टाकणारी माणसं येत होती, जात होती. सव्वाअकराला काचेचं दार उघडलं. दुकानात सातआठ गिऱ्हाइकं, पाच कारागीर, आणि चहा घेऊन आलेला हॉटेलवाला. ओवैस टेबलासमोर येऊन उभा राहिला, आणि हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "मास्तर, पिछले रमजान में गलती मेरी थी. नाप मैंने गलत लिखा था. और मैंने आप पे हाथ डाला. माफ करना."

मशीनी थांबल्या. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. अशा वेळी मोठ्या माणसाने काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना माहीत असतं: अरे, काही नाही, सोडून दे, तू मला मुलासारखा. ओवैस त्याचीच वाट बघत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि मास्तरांनाही गलबलून आलं होतं, कारण पोराला त्यांनीच वाढवला होता.

पण काही नाही, असं नव्हतं. मास्तरांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "ऐकला. माफ केला." मग कात्री उचलत त्यांनी जोडलं, "शनिवारी पाचला मी जाणार."