भावाचं म्हातारपण

जानेफळच्या स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. मोबाईल आल्यापासून बाकीचं काम आटलं, पण गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायला लोक अजून माझ्याकडेच येतात. त्यांच्याकडे असतो तो बहुतेक दवाखान्यातला शेवटचा फोटो. मी नाकातली नळी काढतो, गाल भरतो, अंगात पांढरा सदरा घालतो, डोक्यावर टोपी ठेवतो. कोणी सांगावं लागत नाही. हात आपोआप जातो.

याच हाताने मी माझ्या धाकट्या भावाचं वाटोळं केलं. हे मी घरात कधी बोललो नाही.

भाऊ शेती करतो. तंबाखूची पुडी सकाळपासून त्याच्या गालात. समजावून झालं, शिव्या देऊन झाल्या, मायचं रडून झालं. मग कॉम्प्युटरवर चेहरा म्हातारा करायची सोय आली. वाटलं, याला डोळ्यांनीच दाखवू. त्याच्या फोटोवर वीस-पंचवीस वर्षं चढवली. गाल खोल नेले, ओठाचा कोपरा आखडला, जबड्यावर जखम बसवली आणि त्याला दुकानात बोलावलं.

"कोन होय हा म्हातारा?"

"तू. पुडी नाही सोडली तं."

तो हसला. "मेलेल्याले सुधरवतं, अन् जित्त्याले बिघडवून राह्यला, दादा."

मग पडद्याजवळ वाकून बघत राहिला. खिशातली पुडी माझ्या टेबलावर ठेवून निघून गेला. पुढे काही दिवस त्याने खरंच हात लावला नाही. चिडचिड करायचा, भाजलेले शेंगदाणे चघळत बसायचा, पण पुडी नाही.

तेवढ्यात मायने तो फोटो माझ्या मोबाईलवर पाहिला. मला वाटलं, रागावेल. तिने पदराने काच पुसली.

"हे तं तुह्ये बाबा होत. राह्यले असते तं असेच दिसले असते."

बाबा आम्ही लहान असताना गेले. त्यांचा एकही फोटो नाही. फोटोवाल्याच्या घरात नाही. दरवर्षी पितरांच्या दिवसांत माय रिकाम्या पाटासमोर ताट ठेवत आली.

"एवढी जखम मिटव," ती म्हणाली, "अन् टोपी घाल. मले फ्रेम करून दे."

नाही म्हणायचं मला सुचलंच नाही. जखम पुसली, गाल भरले, ओठ सरळ केला. जित्या माणसाच्या चेहऱ्याला हार घालत नाहीत, हे मला कळत होतं. पण मायसाठी तो चेहरा भावाचा उरलाच नव्हता. तिने फ्रेमला कुंकू लावलं, हार घातला, हात जोडले.

भाऊ जेवायला बसला तो त्या फोटोसमोरच. घास हातात धरून बघत राहिला.

"दादा, मी म्हातारपनी असा दिसीन का?"

"बाबा आहेत ते."

"मीच होय. तूच तं बनोलं. चांगला दिसून राह्यलो ना? मंग काऊन भेऊ?"

संध्याकाळी त्याचा गाल पुन्हा फुगलेला होता. मी पाहिला. पहिला फोटो पुन्हा त्याच्यापुढे धरावा असं मनात आलं. पण मग मायला काय सांगायचं, भिंतीवर कोण आहे? मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला आयुष्यभर सोपं गेलं.

काही वर्षं गेली. आता त्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा जात नाही. सगळं पातळ करून द्यावं लागतं. डावा जबडा काढावा लागेल, असं अकोल्याचे डॉक्टर म्हणतात. त्यानंतरची खात्री ते देत नाहीत. माय सकाळ-संध्याकाळ त्या फोटोला सांगते, लेकराले सांभाळा. मी शेजारीच उभा असतो.

परवा भाऊ दुकानात आला. शब्द दातांआडून येतात, कान देऊन ऐकावे लागतात.

"आपरेशन झाल्यावर कसा दिसीन, ते काढून दाखव, दादा."

मी त्याचा फोटो उघडला. जबडा निवडला. पुढे बोट हलेना. हललं असतं तरी सवयीने भरूनच काढलं असतं.

"कॉम्प्युटर बिघडला," मी म्हणालो. पडदा त्याच्यासमोर लखलखत होता.

"हाव," तो मान डोलावून म्हणाला. गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशापुढे गेला, डाव्या गालावर पंजा आडवा धरला आणि उरलेल्या तोंडाकडे बघत उभा राहिला.